चौऱ्याऐंशी अंश

बाबा,

आईचा उजवा गुडघा बदलून आज सहा आठवडे झाले. मी रजा काढून सौंदडला आले आहे आणि रोज सकाळी चहानंतर तो किती वाकतो ते मोजते. आता माझ्याकडे त्यासाठीचं खरं उपकरण आहे, स्टीलचं, दोन पट्ट्यांचं. आज सकाळी आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. एवढ्यावरून तुम्हाला लिहायला बसावं असं त्यात काही नाही. पण त्यावर आई जे बोलली ते मला दिवसभर बाजूला ठेवता आलं नाही. ते शेवटी लिहिते. आधी तुमच्या गुडघ्याचं लिहायला हवं, म्हणजे क्रम बरोबर राहील.

तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुमचा गुडघा बदलला. एकतीस वर्षं तुम्ही चाबीवाला होतात. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळावरून चालायचं, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी प्रत्येक लोखंडी चाबी ठोकून पाहायची, सैल असेल ती बसवायची आणि तेवढंच परत चालत यायचं. नागपूरहून ऑपरेशन करून येताना तुम्ही गोंदियापर्यंत खालच्या बर्थवर पाय लांब करून पडलेले होतात. गोंदियाला गाडी बदलली. आपल्या पॅसेंजरचा सौंदडचा थांबा दोन मिनिटांचा, फलाट खाली आणि डब्याची पायरी उंच. मी आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे तुमची जुनी गँग एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन फलाटावर उभी होती. मुकादमाने रूळ उचलताना देतात तशी हाक दिली, सहा जणांनी तिला ओ दिली आणि तुम्ही खुर्चीसकट खाली आलात. "काय गा, लय जड लागून राहिला! डॉक्टरनं किती किलो लोखंड घातलं?" कोणीतरी विचारलं. तुम्ही खुर्चीवरूनच म्हणालात, "गेज कन्वर्जन झालं माह्या गुडघ्याचं. छोटी लाइन गेली, मोठी आली." मुकादम म्हणाला, "मंग कॉशन लाव आता. नव्या रुळावर पह्यल्याच दिवशी मेल नाई सोडत." नवीन टाकलेला रूळ गिट्टीत नीट बसेपर्यंत त्यावरून गाड्या हळू सोडतात, त्या हुकमाला तुम्ही लोक कॉशन म्हणायचात. त्या दिवसापासून आपल्या घरात तुमच्या दुखण्याला तोच शब्द पडला. कोणी भेटायला आलं की आई सांगायची, "कॉशनवर आहेत."

घरात मला करण्यासारखं बरंच होतं आणि ते मला आवडत होतं, हेही लिहून ठेवते. बसण्याची जागा अठ्ठेचाळीस सेंटिमीटरपेक्षा खाली नको असं सांगितलं होतं. खाट सदतीस होती. वीट कडेवर उभी केली की अकरा. मी चारही पायांखाली एकेक वीट कडेवर ठेवली आणि बाजूने सिमेंट लावलं. आई म्हणाली, "काऊन व एवढी उचलली खाट? माणूस हाये का धानाचं पोतं?" शेकायला बर्फ लागायचा. तो मासळीवाली बाई द्यायची. नवेगाव बांधची मासळी स्टेशनवर पेट्यांतून चढवायची, त्यातला उरलेला बर्फ ती पॉलिथिनमध्ये बांधून ठेवत असे. तुमच्या गुडघ्याला कायम मासळीचा वास यायचा आणि शेजारची मांजर खाटेखालून हलायची नाही. "पाह्य, हिले माहा पाय रोहू वाटून राहिला," असं तुम्ही रोज म्हणायचात आणि रोज हसायचात. फक्त पौर्णिमेला विहारात गेलो तेव्हा तुम्ही हसला नाहीत. सगळे खाली सतरंजीवर बसले होते आणि तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तुम्ही बसला नाहीत. "सारे खाली अन् मी वर? नाई जमत," म्हणालात आणि पूर्ण वंदना होईपर्यंत वॉकर धरून दारात उभे राहिलात. माझ्या घड्याळात बावीस मिनिटं झाली होती.

मोजायची चौकट मी स्वतः बनवली होती. दोन लाकडी पट्ट्या एका स्क्रूने जोडलेल्या आणि सांध्यावर माझ्या ड्रॉइंगच्या पेटीतला कोनमापक. तुमच्या पायावर बॉलपेनने तीन ठिपके: कमरेच्या हाडाशी, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यावर. पाय सरळ म्हणजे शून्य, खुर्चीत बसल्यावर काटकोनात म्हणजे नव्वद. आकडा मी आलेखाच्या वहीत लिहायची आणि तुम्ही चष्मा लावून त्यापुढे सही करायचात, बीटच्या, म्हणजे तुमच्या रोजच्या गस्तीच्या पट्ट्याच्या, डायरीत करायचात तशी, एकेक अक्षर सुटं. सहीची गरज नाही असं मी एकदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सही नाई तं कोणी मोजलं, कोणी पाह्यलं, कसं कळन?" मला तेव्हा सातवीतली सुट्टी आठवली. मी हट्टाने तुमच्याबरोबर बीटवर आले होते. बाजूच्या पायवाटेने चालत चाब्या मोजत होते आणि ऊन वाढल्यावर काही न बघताच "बरोबर, बरोबर" म्हणत सुटले. तुम्ही थांबलात. ओरडला नाहीत. मला तीन खांब मागे नेलंत आणि प्रत्येक चाबी माझ्या हाताने ठोकून घेतलीत. "जे पाह्यलं नाई ते बरोबर हाये म्हणाचं नाई, बाई. वरून माणसं जातेत." मी आज मोजणीचं जे काम करते त्याचं सगळं शिक्षण मला त्या तीन खांबांत मिळालं, असं मी एका मुलाखतीत सांगितलंही आहे. पुढचं मात्र सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं की साधारण दोन महिन्यांत नव्वद आला नाही तर भूल देऊन गुडघा जबरीने वाकवावा लागेल. त्याच दिवसांत नाशिकच्या कंपनीचं पत्र आलं. डिप्लोमा झालेल्या मुलीला सर्वेक्षणाच्या कामावर घेणारी ती पहिली जागा होती. मी एकदा मुदत वाढवून घेतली; दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. आई म्हणाली, "इतल्या दूर कायले धाडता पोरीले?" तुम्ही म्हणालात, "नकाशे काढाले शिकली ते का चुलीपाशी बसाले?" मी दोघांच्या मध्ये बोलले, "नव्वद झाल्याशिवाय मी जाणार नाही." तुम्ही खूश होऊन मांडीवर थाप मारलीत. "ठरलं. नव्वदले कॉशन उठते." ते मी मायेने म्हटलं असं तुम्हाला वाटलं असेल. खरं तर आलेखाकडे बघून म्हटलं होतं. बासष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर: रेषा पुढे वाढवली तर मे संपायच्या आधी नव्वद येत होते.

रेषा तशी गेली नाही. त्र्याऐंशी झाले, चौऱ्याऐंशी झाले आणि मग नऊ दिवस चौऱ्याऐंशीच. टाच फळीवरून मागे सरकावी म्हणून मी फळीला टाल्कम पावडर लावायची. तुम्ही टॉवेलचं टोक दातांत धरून पाय ओढायचात, कपाळावरची शीर वर यायची, आणि मी घड्याळात दहा सेकंद मोजायची. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "बापाचा जीव घेतं का व?" मी मोजणं थांबवलं नाही. शनिवारी मला निघायचं होतं. शुक्रवारी सकाळी मी चौकट लावली. चौऱ्याऐंशी. ठिपके पुसून पुन्हा काढले, चौकट पुन्हा लावली. चौऱ्याऐंशी. मग मी वहीत नव्वद लिहिलं.

तुम्ही चष्मा लावलात. आकडा बघितलात. चौकट अजून तुमच्या पायावरच होती, तिच्याकडेही बघितलंत असं मला वाटतं, पण मी तेव्हा पेनाचं टोपण लावत होते. तुम्ही सही केलीत, नेहमीपेक्षा थोडी सावकाश. "झालं का मंग?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "झालं." "मंग पिशवी भर."

शनिवारी तुम्ही काठी टेकत स्टेशनवर आलात. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसलात आणि उजवा पाय डाव्याच्या जोडीने बाकाखाली ओढून घेतलात. दोन्ही टाचा एका रेषेत. गाडी यायला अकरा मिनिटं होती. तेवढा वेळ तुम्ही तसेच बसून गँगच्या लोकांशी बोलत होतात, "पाहा गा, कॉशन उठला," असं प्रत्येकाला सांगत होतात. गाडी लागली, आईने भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि ती रडायला लागली. तुम्ही उठला नाहीत. बसूनच म्हणालात, "पोहोचली का फोन करजो. अन् तिथं मोजशील तेच लिहिजो." मी हो म्हटलं.

दिवाळीला आले तेव्हा मी तुमचा गुडघा मोजला. एकशे चार. तुमचं तुम्हीच चालून, पाय ओढून केलं असेल असं मी धरून चालले. पुढे तीन वर्षांनी तुम्ही गेलात, गुडघ्याचा त्यात काही संबंध नव्हता, आणि तो आकडा माझ्या मनात तसाच बरोबर म्हणून राहिला.

आता आज सकाळचं. मी "चौऱ्याऐंशी" म्हटलं तेव्हा आई उशीला टेकून पान लावत होती. वर न बघता म्हणाली, "नव्वद लिहून टाक ना व. तुह्या बापाचे लिहिले होते तसे." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. "कोण सांगन? मीच तं नेलं त्याइले नागपूरले, तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात. भूल देल्ली, वाकवला. शुद्धीवर आले तं पह्यलं हेच, का पोरीले सांगू नको. म्हणे, तिनं नव्वद लिहिले, त्यावर माही सही हाये. आता गुडघ्याले नव्वदवर आणाचं काम माहं." मग तिने पान तोंडात घातलं. "अन् तिथूनच फोनवर तुले काय सांगे? पाणी चांगलं पडून राहिलं, धानाची रोवणी लागली." मला तो फोन आठवतो. मागे माणसांचा गलका होता, आणि मी बाजाराचा दिवस असेल असं समजले होते.

मी वहीत चौऱ्याऐंशी लिहिलं. आई बघत होती. "माह्यासाठी सहा अंश नाई निघत का तुह्या हातून?" ती म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, नाही निघत. या वेळी मला कुठली गाडी पकडायची नव्हती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमचा धीर सुटू नये म्हणून मी तो आकडा लिहिला. हाताने मोजताना पाच अंशांची चूक धरतात, हेही सांगून पाहिलं. पण चूक सहाची होती आणि ती मोजण्यात नव्हती. आईला सगळं माहीत आहे असं तिला वाटतं. एक गोष्ट तिलाही माहीत नाही, आणि हे पत्र मी तिला दाखवणार नाही, कोणालाच नाही, म्हणून इथे लिहिते. त्या शनिवारी गाडी सुटल्यावर मी जागेवर जाऊन बसले असं तुम्हाला वाटलं. मी दारातच होते. डबा फलाटाच्या टोकाशी आला तेव्हा तुम्ही दोन्ही हातांनी मांडी धरलीत आणि उजवा पाय बाकाखालून काढून समोर लांब केलात. मी ते पाहिलं. पुढच्या स्टेशनवर गाडी समोरच्या गाडीसाठी बराच वेळ थांबली होती. परतीची गाडी समोर उभी होती, मधे फक्त दोन रूळ. मी उतरले नाही. खिडकीशी जाऊन बसले, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं, आणि गोंदिया येईपर्यंत, बाबा, मी फार आनंदात होते.