हळू वाचायचा भाग

बाबा, आधी घटना क्रमाने मांडते, मत नंतर. शब्बाथला, शनिवारी, लिहायचे नाही, म्हणून आज रविवारी लिहीत आहे. काल सकाळी मेहकरच्या आपल्या घरात, मागच्या खोलीत, मी आपल्या धर्मग्रंथाचा, तोरेचा, या आठवड्याचा भाग वाचायला बसले. आज्ञा मोडणाऱ्यांवरच्या शापांपाशी पोहोचले. तिथेच पुस्तक मिटले आणि स्वयंपाकघरात आले. परसदारी शेजारची बांगडीवाली खाला उभी होती.

"काऊन वो बाई, डाक्टरसायेब आले काय? मांगच्या खोलीत हळूहळू वाचून राह्यले."

"बाबांना जाऊन किती वर्षे झाली, खाला."

"थे मले मालूम नाई काय? मयतीचं पानी म्याच तापवलं. म्हनून त इचारून राह्यली."

"मी वाचत होते. तुम्ही माझाच आवाज ऐकलात."

"तुमचा? तुमचा आवाज बजारापावतर जाते, बाई!"

ती हसली, मग ओढणी सावरून एकाएकी निघून गेली. मी कान दिला. खोलीत तुम्ही वाचत होता.

नागपूरच्या हुकमाने तुम्ही या दवाखान्यावर आलात, तेव्हा इथे आपल्याखेरीज दुसरे यहुदी घर नव्हते. दहा पुरुष जमल्यावाचून तोरेची गुंडाळी उघडता येत नाही. म्हणून आपण छापील पुस्तकातून वाचायचो, एक उतारा तुम्ही, एक मी. भाद्रपदातला हा शनिवार आला की मात्र तुम्ही मला स्वयंपाकघरात धाडायचात, खुर्ची भिंतीकडे फिरवायचात आणि शाप एका दमात, पुटपुटल्यासारखे वाचायचात. मी चुलीपाशी उभी. मग "ये" अशी हाक, आणि पुढचा उतारा मी खणखणीत आवाजात सुरू करायचे. एकदा मी तुम्हाला सुनावले होते की पवित्र ग्रंथात आवडते-नावडते नसते, सारे सारख्याच आवाजात वाचले पाहिजे. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "हा भाग वाचायला कोणी कुणाला बोलावत नाही. वाचणाऱ्याने तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा. तुझ्या अंगावर मी तो येऊ देणार नाही." मला तो युक्तिवाद दुबळा वाटला. आजही वाटतो.

परंतु दुबळ्या युक्तिवादावर माणूस मेल्यानंतरही ठाम राहतो, हे मला ठाऊक नव्हते. दरवर्षी मी तिथेच पुस्तक मिटते. मला वाटत होते की तो भाग न वाचलेलाच राहतो. म्हणजे इतकी वर्षे तुम्ही येत होता, आणि ते कळायला खाला यावी लागली. काल शेवटचा शाप संपला. तुमचा तो ओळखीचा, दम लागलेला श्वास ऐकू आला. मी चुलीपाशीच होते. हाक आली नाही. दुपारी आत गेले, तेव्हा खुर्ची भिंतीकडे वळलेली होती. मी ती खिडकीकडे तोंड करून सोडली होती.

तेव्हा स्पष्ट विचारते. तो भाग मी माझ्या अंगावर घेतला, तर तुमची सुटका होईल का? की मी वाचू लागले की तुमचे येणेच थांबेल? दोन्हींची उत्तरे पुढच्या भाद्रपदाच्या आत हवीत, आणि लेखीच हवीत. हे पत्र कुठल्या टपालात टाकायचे ते मला ठाऊक नाही, म्हणून ते जवळच ठेवते. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही; कारण तुम्ही नुसते "ये" म्हणालात, तरी मी काही न विचारता आत येईन.