मस्कतचा मेल आणि न सापडणारा मोडेम

जयदीप भाऊजी,

मघाशी फोन एकदाच वाजून थांबला. एक रिंग म्हणजे तुमच्या दादांनी मस्कतहून मेल टाकला. मी लगेच कॉम्प्युटर लावला, पण तुमचं लिनक्स म्हणतं, मोडेम सापडत नाही. मोडेमचा दिवा तर लागतोय, फोनला टोनही आहे. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच.

चूक माझीच असणार. खंडेनवमीला तुम्ही कारखान्यात होतात, म्हणून कॉम्प्युटरची पूजा मी केली. पुसताना मोडेमची केबल काढली होती. मागे सारखीच दोन तोंडं आहेत, आधी कुठल्यात होती ते आठवत नाही. बदलून बघायचा धीर झाला नाही. बिघडलं तर त्यांचे दोन शब्दही दिसायचे नाहीत. हसू नका, झेंडूची पाकळीही आत गेली असेल.

आल्याबरोबर एवढं बघाच. नवा करार करणार की दिवाळीला कायमचे येणार, ते दादा या मेलमध्ये कळवणार होते. मेल उघडू नका, मला वाचायचाय. उघडलातच, तर आईंसमोर काही बोलू नका.

पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी दुरडीत आहेत. मी आणि सायली शिवणक्लासला जातो.

— वहिनी

ता. क. सायली चप्पल घालून दारात उभी आहे. मघापासून विचारतेय, "मम्मी, पप्पा आले की ते पप्पाच आहेत हे मला कसं कळणार?"