पाण्यात परत

४ मार्च

फलक लागला! होड्यांच्या धक्क्यावर, हिरवा, नवाकोरा. या हंगामापासून गळाला लागलेला प्रत्येक मासा जिवंत पाण्यात परत सोडायचा. मारला तर होडीवाल्याचा, म्हणजे बाबांचा, परवाना रद्द. बाबांना दोनदा वाचून दाखवला. शब्द न् शब्द उतरवूनही घेतला, चूक नको.

आई म्हणाली, "पकडायचा आणि सोडायचा? उद्या म्हणतील, ताटावर बसा आणि न जेवता उठा!"

बाबा हसले नाहीत.

१९ मार्च

पाहुणे गळ घेऊन येतात ते मासा घरी न्यायला. आई त्यांचे मासे धुरीवर धरते, धुरात सुकवून टिकाऊ करून देते, त्यासाठी ते एक मुक्काम वाढवतात. आता धुरीची खोली थंड. आईने तिथे कपडे वाळत घातलेत. विश्रामगृहाच्या मालकीणबाई म्हणाल्या, निम्म्या खोल्या रिकाम्या. वर म्हणाल्या, "पण नियम चुकीचा नाही रे. नदीत मासे उरलेत कुठे?" तेही खरंच. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून झोप लागत नाही.

२ एप्रिल

कोणीच नाही. होडी उगाच धुतली.

११ एप्रिल

डॉक्टर येणार! माझ्या जन्माआधीपासून ते बाबांच्याच होडीतून गळ टाकतात. फोनवर म्हणाले, "मासा नाही तर नाही, तुझ्या शिव्या तरी ऐकीन." बाबांनी दाढी केली. मी त्यांच्याकडून फलकावरच्या सूचनांचा सराव करून घेतला – जाळी पाण्यातच ठेवायची, हात ओले करायचे, माशाचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, त्याला ताकद आली की सोडायचा. "मला शिकवतोस?" म्हणाले. पण केलं सगळं, नीट.

१४ एप्रिल

अक्षर वाईट येतंय.

डॉक्टरांना मासा लागला. एवढा मोठा कधीच नाही! डॉक्टर उभे राहून ओरडत होते, "सांभाळ, सांभाळ!" बाबांनी जाळीत घेतला आणि मी वल्ही आवरून वळेपर्यंत दांडक्याचा फटका बसलाही होता. आयुष्यभर तेच केलं – जाळी, मग डोक्यावर फटका. मासा तडफडू नये म्हणून. दांडकं होडीतून काढून ठेवायचं मला सुचलं कसं नाही?

बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टर हळूच म्हणाले, "कुणी पाहिलेलं नाही. वहिनींना धुरी द्यायला सांग, मी घेऊन जातो."

"आणि उद्याचा?" बाबा म्हणाले. "उद्याही मारीन मी. हात ऐकायचा नाही, डॉक्टर."

धक्क्याला लागताच बाबा मासा उचलून मत्स्य खात्याच्या साहेबांकडे निघाले. मी मागे पळालो. "बाबा, नका ना!" – थांबले नाहीत.

१५ एप्रिल

परवाना गेला. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "काका, तुम्ही आला नसतात तर मला कळलंही नसतं." नवा परवाना माझ्या नावावर दिला. अट एकच – बाबांनी होडीत पाय ठेवायचा नाही.

२८ एप्रिल

बाबा धक्क्याकडे फिरकत नाहीत. आई म्हणाली, "घरात नव्या सुनेसारखे बसून असतात." मग स्वतःच रडली.

६ मे

माझ्या होडीत पहिलं गिऱ्हाईक! शहरातल्या एक बाई. मासाही लागला, कल्ल्यामागे पांढरा डाग असलेला. मी हात ओले केले, सगळं फलकावरच्यासारखं. पण त्यांना मासा पाण्याबाहेर धरून फोटो हवा होता. एक झाला. मग टोपी नीट करून दुसरा. मग मासा जरा वर धरून तिसरा. मी बोललो नाही – एकच तर गिऱ्हाईक! सोडल्यावर मासा बराच वेळ जागच्या जागी डुलत राहिला, मग खोल गेला.

"गेला?" घरी आल्यावर बाबांनी विचारलं.

"गेला."

माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "चांगले आहेत." आज पोटभर जेवले.

७ मे

खालच्या वळणावर मासा उलटा तरंगत होता. कल्ल्यामागे पांढरा डाग, कालचाच. साहेब काठावर उभे होते. मी खिशातून परवाना काढून पुढे केला.

"सोडला होतास ना? मग झालं. ठेव तो परवाना."

होडीत बसून लिहितोय. घरी अजून गेलो नाही.