सलाईन चालू, लग्न तोंडावर

२३ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. घरात सगळेच डॉक्टरच्या बाजूने बोलतात. माझ्या बाजूची नोंद कुठेतरी असावी.

घटना अशी. धाकटा भाऊ देमिन. त्याच्या मुलीचं, मेंगयाओचं, लग्न. त्याच्या दारावर लाल कंदील लावून शिडी उतरताना माझ्या पोटरीला गंजकी तार लागली. मी जागच्या जागी उपचार केला. बावन्न टक्क्यांची ज्वारीची दारू. अर्धी पोटरीवर, अर्धी पोटात. चार दिवस झाले. पोटरी भोपळ्याएवढी, लाल, गरम. ताप. बायको, रुईयिंग, म्हणते दवाखान्यात चला. ठणकावून सांगितलं, जाणार नाही.

उद्या जाणार आहे. स्वतःच्या निर्णयाने.

२४ सप्टेंबर

डॉक्टर हान. बाई. वय माझ्या कोटाएवढं. जखम उघडली, पू काढून तपासायला पाठवला, धनुर्वाताची सुई टोचली. मग पोटरीवर लालीच्या कडेने पेनने गोल रेघ काढली, जणू मी जमिनीचा तुकडा आहे आणि मोजणी चालली आहे. म्हणाल्या, लाली रेघेच्या आत सरकली तर औषध लागू पडतंय, बाहेर गेली तर तडक या.

औषध सलाईनमधून, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. त्यात दोन औषधं एकत्र. एक जंतू मारतं. पण काही जंतू बनेल, ते औषधच तोडून टाकतात. दुसरं त्यांना तसं करू देत नाही. हे मला लगेच पटलं. मेजवानीत मुख्य यजमान पाजतो आणि उपयजमान पाहुण्याला ग्लास लपवू देत नाही, तसंच.

पूर्वी कुठल्या इंजेक्शनने पुरळ, धाप, सूज आली होती का, विचारलं. मी म्हणालो, या अंगाला सगळं सोसतं. "हो की नाही, तेवढं सांगा." नाही.

मग विचारलं, दारू? मी म्हणालो, प्रसंगाने. रुईयिंग मागून म्हणाली, "आठवड्याला नऊ प्रसंग."

त्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. औषध चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी आठवडाभर थेंब नाही. दारूत मुरवलेला पदार्थ नाही, दारू असलेलं खोकल्याचं औषधही नाही. या औषधामुळे दारू अंगात पुरती पचत नाही, मधल्या मध्ये विष साठतं, बीपी कोसळतो. "माणसं दगावतात, काका."

मी म्हणालो, दोन तारखेला पुतणीचं लग्न आहे. म्हणाल्या, अभिनंदन.

त्यांना माहीत नाही मी कोण आहे. या तालुक्यात आमच्या लुआन घराण्याच्या प्रत्येक मेजवानीत दारासमोरची मानाची खुर्ची माझी. मी घोट घेतो तेव्हा टेबल घोट घेतं. मी ग्लास ठेवला की सगळे ठेवतात. आणि समोर कोण बसणार? नवरदेवाचे मोऊ मामा. समुद्राकडचे. वसंतात साखरपुड्याला म्हणाले होते, "डोंगराकडची माणसं ग्लास नुसता ओला करतात." देमिन तेव्हा हसला. मी हसलो नाही. दोन तारखेची वाट बघत होतो.

२५ सप्टेंबर

सलाईनचा हॉल. चाळीस खुर्च्या, सगळ्यांचे हात खिळलेले. ही काय पुरुषाची जागा? थेंब फार हळू पडत होते म्हणून नळीवरची चकती जरा सैल केली. नर्स ल्यू धावत आली. "आजोबा, हे सूप नाही, भराभरा संपवायला!" चकती पुन्हा आवळली आणि रुईयिंगला पहाऱ्याला बसवलं. रुईयिंग शेंगा सोलत सबंध वेळ चकतीकडे बघत होती. लग्नात माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर

ताप उतरला. लाली रेघेच्या आत बोटभर. माझी प्रकृती मुळात दणकट.

आज नर्सला कोंडीत पकडलं. सुई लावण्याआधी हातावर जे चोळता ते काय, चहा? स्पिरिटच ना? मग मला काही का होत नाही? म्हणाली, "आयोडीन आहे, आजोबा. तुमच्या कागदावर लाल शेरा आहे, म्हणून मुद्दाम."

रंग बघायला हवा होता. हरकत नाही.

२७ सप्टेंबर

विचार केला. पथ्य कधी सुटतं? औषध संपल्यावर आठवड्याने. म्हणजे औषध जितक्या लवकर संपेल तितकं पथ्य लवकर सुटेल. एवढी साधी गोष्ट डॉक्टरच्या डोक्यात आली नाही. पाय बरा आहे, ताप नाही. आज औषध संपलं, असं मी जाहीर केलं (मनात). तरी दोन दिवस कमी पडतात. ते मी तब्येतीच्या जोरावर भरून काढीन.

रुईयिंगला सांगितलं, आता एकटा जाऊन येतो, तू लग्नाची कामं बघ. संध्याकाळी बागेत पत्ते खेळलो. जिंकलो.

२८ सप्टेंबर

सकाळी बाग. संध्याकाळी बाग. पोटरी जरा ठणकते. पत्त्यांना फार वेळ बसल्यामुळे.

२९ सप्टेंबर, सकाळ

लाली रेघेच्या बाहेर. निरखून पाहिलं तर रेघच चुकीची काढलेली होती. तिरकी. बाईंचा हात अजून बसलेला नाही. मी पेन घेऊन नवी रेघ काढली, दोन बोटं बाहेरून. आता लाली पुन्हा आत आहे.

२९ सप्टेंबर, दुपार

रुईयिंगने पाय पाहिला. म्हणाली, "पाय वाढला की रेघ?" मी म्हणालो, दोन्ही. तिने रिक्षा बोलावली.

डॉक्टर हानच्या फोनमध्ये पहिल्या दिवशीच्या रेघेचा फोटो होता. हा प्रकार मला माहीत नव्हता. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. हळू आवाजात म्हणाल्या, पुवाचा रिपोर्ट आला आहे, औषध बरोबरच आहे, पण मध्येच सोडलं की मेले नाहीत ते जंतू पुन्हा उठतात. तेच औषध आता पाच तारखेपर्यंत. लग्नाच्या दिवशीसुद्धा, सकाळी आणि संध्याकाळी.

परतताना रुईयिंग रिक्षात तोंड फिरवून बसली. वाईट मी मानायला हवं होतं. फोटो माझ्या परवानगीशिवाय काढला होता.

३० सप्टेंबर

देमिनकडे पाहुण्यांसाठी बोरं मुरवून ठेवली आहेत. दारूतली. बोर हे फळ आहे. मूठभर खाल्ली.

थोड्या वेळात तोंड तापलं, छाती धडधडली, कानात ढोल. देमिनची बायको म्हणाली, "दादा, तुम्ही कंदिलापेक्षा लाल झालात!" मी सांगितलं, दुपारच्या मिरच्या. ओसरीवर आडवा झालो. तासाभराने उतरलं. घरी काही बोललो नाही.

निष्कर्ष: शरीराला सवय होते आहे. आज बोरं, परवा ग्लास. पायरीपायरीने.

१ ऑक्टोबर

देमिन आला. म्हणाला, "दादा, तुझ्या बाटलीत पाणी भरून ठेवू. दोन्ही पांढरं, कुणाला कळणार?" त्याला हाकलून दिलं. तीस वर्षं मी पाहुण्यासमोर ग्लासात पाणी घेतलं नाही. मोऊसमोर पाणी पिऊ? वास आला नाही तर तो ओळखेल. आणि समुद्राकडे जाऊन सांगेल.

संध्याकाळी मेंगयाओ स्वतः आली. केसांत उद्याच्या सरावाची फुलं. माझा पाय बघितला. मग म्हणाली, "मोठे काका, बाबा परदेशी कामाला होते तेव्हा शाळेत मला तुम्ही सोडायचात. उद्या नुसते बसा. चहा घ्या. मला तुम्ही हवे आहात, तुमचा ग्लास नको." मी शब्द दिला. थेंबही घेणार नाही.

पोरीला रीतभात कळत नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं. बहुधा आयोडीन.

शब्द दिला आहे तो थेंबाचा. घोटाबद्दल बोलणं झालेलं नाही.

२ ऑक्टोबर, सकाळ

सलाईन घेतलं. नर्स ल्यू म्हणाली, "आजोबा, आज नक्की नाही ना?" मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा विचारलं नाही. निळा कोट. बूट चमकवले. योजना: हॉटेलच्या मागच्या बाजूला आधी एक छोटा कप, म्हणजे औषधाची आणि दारूची ओळख होऊन जाईल. मग मोऊ.

३ ऑक्टोबर. इस्पितळ.

लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचे लिहितील.

कप घेतला. काही झालं नाही. म्हणजे मी बरोबर होतो. आत गेलो, खुर्चीत बसलो. वीस टेबलं भरलेली. मोऊ मामा समोर, हसत. मी ग्लास घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "आज दोन घरं..." आणि पहिला घोट घेतला. अख्ख्या टेबलाने घेतला. पुढचं वाक्य तयार होतं. पण छाती अशी सुटली, घोडा उधळावा तशी. तोंड पेटलं. मग एकदम गार. मेंगयाओ लाल कपड्यांत दूरच्या टेबलापाशी उभी होती, तिच्या तोंडावरचं हसू जाताना मला दिसलं. तेवढं अगदी स्पष्ट दिसलं. मग टेबलक्लॉथ धरला. तो माझ्याबरोबर आला. मासाही आला.

हे मला नंतर कळलं: मला पाठीवर घेऊन जिन्यावरून गाडीपर्यंत पळत नेलं ते मोऊ मामांनी. वाटेत म्हणत होते, "अहो, डोळे उघडे ठेवा, तुमच्याशी प्यायचंय मला." देमिन गाडीत बसला. इथे ऑक्सिजन, पाणी, छातीला वायरी. बीपी सापडत नव्हता म्हणे. डॉक्टर हान सुट्टी सोडून आल्या. काय प्यायलो, कधी, किती, विचारलं. देमिन माझ्याकडे बघत होता. मी सगळं सांगितलं. बोरांचंही.

त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "आता रात्रभर मी इथे आहे, झोपा." मला भांडायचं होतं. झोप लागली.

४ ऑक्टोबर

रुईयिंग बाजरीची पेज घेऊन आली. मी म्हणालो, काल नवरा मरत होता, तू कुठे होतीस? म्हणाली, "तुमच्या खुर्चीत."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरने फोनवर तिला सांगितलं, धोका टळला. लग्न थांबलं होतं, मेंगयाओ रडत होती, वरपक्ष उभा. रुईयिंगने दारासमोरची खुर्ची ओढली, बसली, ग्लास भरला आणि म्हणाली, "आमचे मालक ठीक आहेत. बसा. मेंगयाओ, डोळे पूस." आणि घोट घेतला. टेबलाने घेतला. दुसरा मासा येईपर्यंत मोऊ मामांनी कोट काढला होता, सूप येईपर्यंत टाय. शेवटी दोन्ही हात जोडून म्हणाले, "वहिनी, समुद्र आटला."

देमिनने फोनवर व्हिडिओ दाखवला. मेंगयाओ हसते आहे. सगळेच हसताहेत. रुईयिंगचा ग्लास रिकामा, हात स्थिर.

विचारलं, तू पितेस? म्हणाली, "माहेरी भट्टी होती. तुम्ही कधी विचारलंत?"

मग इतकी वर्षं?

"घरात एकाने तरी शुद्धीत राहायला हवं होतं."

पेज गरम होती. थोडी सांडली.

५ ऑक्टोबर

शेवटचं सलाईन. चकतीला हात लावला नाही. नर्सची भीती म्हणून नाही, हात दुखत होता. डॉक्टर हान म्हणाल्या, आजपासून बारा तारखेपर्यंत थेंब नाही, आणि ज्या दवाखान्यात जाल तिथे हे आधी सांगायचं. मी म्हणालो, बघू. रुईयिंग म्हणाली, "नाही."

मेंगयाओ नवऱ्याला घेऊन भेटायला आली. माझा हात धरून बसली.

६ ऑक्टोबर

घरी. दुपारी मोऊ मामांचा फोन. थंडीत त्यांच्या मुलाचं लग्न आहे. मानाची खुर्ची आमच्या घरालाच, असं त्यांनी जाहीर केलं. मी उठून बसलो. म्हणालो, तब्येत तोपर्यंत ठणठणीत होईल. ते म्हणाले, "होईलच हो. तुम्हीही या. चहाची सोय आहे. जरा वहिनींना द्या फोन."

दोघं बराच वेळ बोलत होते. हसत होते.

फोन ठेवल्यावर मी रुईयिंगला स्पष्ट सांगितलं, अशा अपमानाच्या जागी मी जाणार नाही. कोणी कितीही आग्रह करो.

ती म्हणाली, "बरं झालं. कोंबड्यांना दाणे घालायला माणूस शोधायला नको."