अण्णा अंतराळात बसतात

प्रिय धाकट्या,

चोरीला शास्त्रात प्रायश्चित्त आहे. अदलाबदलीबद्दल मात्र सगळे ऋषिमुनी गप्प. गेल्या खेपेला देवळाच्या पायरीवरून तू माझ्या चपला घालून थेट स्टेशन गाठलंस आणि तुझ्या चपला माझ्या नशिबी ठेवल्यास. त्या मला दोन बोटं मोठ्या होतात. चालताना असा फटक फटक आवाज येतो, की मी शाळेच्या जिन्यात असतानाच संस्कृतच्या वर्गातली माझी पोरं धातुरूपं घोकायला लागतात. एवढाच काय तो लाभ.

अण्णा तब्येतीने बरे आहेत. रोज दुपारी त्यांना देवळात नेतो. घरात न्हाणीघराची वाट चुकतात, पण प्रदक्षिणेत चुकत नाहीत. उजवा हात भिंतीवर असतो: खाली हत्तींची ओळ, वर घोड्यांची, त्यावर माणसांची. ड्रॉइंग मास्तर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी या देवळाचे नकाशे काढण्यात घालवली, ती बोटांत उरली आहे. मग गाभारा आणि मंडप यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आम्ही बसतो. तिला अंतराळ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने हात जरा सैलच सोडला. दोघं बसलो की गुडघ्याला गुडघा लागतो.

दगडी जाळीतून ऊन येतं आणि सरकत सरकत खांबावरच्या नर्तकीच्या पावलाशी पोचतं. तेवढ्या वेळात अण्णांची सगळी शतकं एकमेकांत मिसळतात. लहानपणी ते आपल्याला दाखवायचे, आठवतं? गाभारा सर्वांत जुना, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला; मंडप कित्येक पिढ्यांनंतरचा, म्हणून किंचित तिरका; शिखर कोसळलं तेव्हा ते विटांनी बांधलं. आता ते माझ्या कानाशी कुजबुजतात, "गाभारेवाले जेवायला गेलेत. मंडपवाले आले की सांग, दोरी तिरकी धरलीय म्हणावं." मी म्हणतो, सांगतो. खरं सांगू, डोळे मिटले की मलाही लांबून छिन्नीचा आवाज येतो.

मागच्या आठवड्यात त्यांना पायरीवर बसवून मी रिक्षा बघायला गेलो. परत येताना तुझ्या चपला वाजल्या आणि अण्णांनी मान न वळवताच विचारलं, "धाकट्या, आलास? किती रे वाट बघायला लावतोस." त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी म्हटलं, "आलो अण्णा."

तेव्हापासून मी तू आहे. केस वाढवल्याबद्दल तुझ्या वाट्याची बोलणी खातो. आजवर मला कधी धरू दिलं नाही, ते कोपर आता माझ्या हातात देतात. काल अंतराळात बसल्या बसल्या म्हणाले, "तुझा दादा कुठे असतो हल्ली?" मी म्हटलं, कामात असतो. "कामातच असायचा," म्हणाले, आणि पुन्हा उन्हाकडे बघत बसले.

तू पुढच्या आठवड्यात येतोयस. येताना माझ्या चपला आण, पण आल्या आल्या बदलायला मागू नकोस. तू समोर उभा राहिलास की अण्णांना त्यांचा धाकटा ओळखू येईल. मग शेजारी बसलेला हा दुसरा कोण, असं ते तुला विचारतील. तू माझं नाव सांगशील, आणि तरीही त्यांना काही आठवणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझाच,
दादा