दूध करपलं त्या दुपारचं

अकोला,
९ नोव्हेंबर

चि. माधवी हिस,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला टाकलं नाहीस, उघडलंस, एवढ्यानेच मला बरं वाटतंय. पत्ता तुझ्या भावाच्या, कुलदीपच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. तुझा नंबर बदललाय आणि माझा फोन स्वप्निल अधूनमधून पाहतो, म्हणून कागद-पेन काढलं. नोकरीत रजिस्टरं भरून भरून हात बसलाय, पण पत्र लिहून वीस वर्षं तरी झाली असतील.

इकडे सगळं ठीक आहे. माझा उजवा पाय तेवढा प्लास्टरमध्ये आहे. मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले. घोट्याला बारीक चीर आहे म्हणतात, पाच आठवडे पाय खाली टेकवायचा नाही. स्वप्निल आठला दालमिलवर जातो तो सहाला येतो. दुपारची भाकर शेजारच्या मनकर्णाबाई आणून देतात आणि अर्धा तास बसून सगळ्या गल्लीची खबर देऊन जातात. त्यांना वाटतं मी ऐकते आहे.

मागच्या आठवड्यात त्यांना कपाटातून उशीचा अभ्रा काढायला सांगितलं, तर अभ्र्यासोबत तुझा गेम बाहेर आला. "हे काय वं, मोबाइल का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "सुनेचा हाय, राहू द्या इथंच." तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी चार्जरला लावला.

चालू झाला, माधवी. आपली चिंगी तशीच उभी होती, हातात हातोडा घेऊन, गावाच्या मधल्या दिव्याच्या झाडाखाली.

तू होतीस तेव्हा काम वाटलेलं होतं. ते झिपरे राक्षस कुठून येऊन राहिले ते मी पाहायचं, बुरूज कुठे उभारायचा ते सांगायचं, आणि चिंगीला पळवायचं, लढवायचं ते तू. आता दोन्ही मलाच. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. डोंगरात लाकूड-दगड गोळा करायला जाते तर गावातली घंटा वाजते. परत येईपर्यंत झिपऱ्यांनी झाडाची अर्धी पानं खाल्लेली असतात. बुरूज बांधून निवांत बसावं तर ते एकटे पुरत नाहीत. नुसतं लढावं तर चार दिशांना एकटी चिंगी किती धावणार? त्यात माझा अंगठा संधिवाताचा. पण दिवस जातो. खरं सांगायचं तर दुपार जाते. या घरात दुपारच लांब असते.

आता मी नदीच्या पुलापाशी अडकले आहे. पुलाच्या तोंडाशी तीन बुरूज लावले, चार लावले, तरी झिपरे ते पाडून गावात शिरतात. अकरा वेळा हरले. तुला ठाऊक असेल काय करायचं ते. वाटलं तर लिही.

जे झालं ते झालं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

उत्तर नाही आलं तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

तुझी आई,
दुर्गाबाई

अकोला,
२७ नोव्हेंबर

प्रिय माधवी,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन दारातून हाक मारत होता आणि मी कुबडी घेऊन कशीबशी दारापर्यंत गेले. मायना नाही, नाव नाही, दोन ओळी. "पुलावर बुरूज लावू नका. ते मागे झाडाजवळ लावा, पुलावर चिंगीला स्वतः उभं करा." मी कार्ड तीनदा वाचलं. मग तसंच केलं. दुसऱ्या खेपेला पूल पार झाला. चिंगीचं अर्धं रक्त गेलं, पण एकही झिपरा गावात शिरला नाही. पलीकडे बर्फाचं रान लागतं, तू ते पाहिलं आहेस का? निळं निळं आहे सगळं.

हे लिहायला मजा वाटते. पुढचं लिहायला वाटत नाही. पण आता टाळून चालणार नाही, कारण गोष्ट कागदावर आली आहे.

शनिवारी स्वप्निलचे वकील घरी आले होते. तू अमरावतीच्या कोर्टात त्याच्याविरुद्ध अर्ज केलास, त्याच्या उत्तरात त्यांना माझं प्रतिज्ञापत्र लावायचं आहे. टाइप करूनच आणलं होतं. सून दिवसदिवस व्हिडिओ गेम खेळत बसायची, घराकडे लक्ष नव्हतं, एकदा तर दूध जळून घरात धूर झाला आणि मोठा अपघात होता होता वाचला, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, नवऱ्याने फक्त समज दिली. खाली माझं नाव, सहीला जागा.

वकील म्हणाले, "सही करा मावशी, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "चष्मा बदलायचा आहे. ठेवून जा, वाचून करते." स्वप्निल माझ्याकडे पाहत राहिला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

माधवी, त्या दुपारी काय झालं ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्या कोणाला नाही. तरी मी ते लिहिते, कारण मी ते अजून एकदाही शब्दांत आणलेलं नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

मे महिना होता. कूलर लावून आपण दोघी माझ्या खोलीत बसलो होतो. त्या दिवशी तू पहिल्यांदा गेम माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "आई, आज तुम्ही लढा, मी बुरूज सांगते." दूध मी ठेवलं होतं गॅसवर. मी. आणि चिंगीच्या नादात विसरले. आपण दोघी इतक्या हसत होतो की वासही आला नाही. दारात स्वप्निल उभा राहिला तेव्हाच कळलं. लवकर आला होता तो, मिलचं मशीन बंद पडलं म्हणून.

"कोन खेळत बसलं व्हतं?" असं तो ओरडला.

दाराकडे माझी पाठ होती, गेम माझ्या हातात होता तो त्याला दिसला नाही. मी तो तुझ्या मांडीवर सरकवला, आडवी झाले आणि म्हटलं, "मले काय मालूम बापा. मी तं झोपली व्हती."

एवढंच म्हटलं. पुढे त्याचा हात उठला, दोनदा. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस, त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. तू माझ्याकडे पाहत होतीस. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, खरंच झोपल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अमरावतीच्या बसमध्ये बसलीस.

तो पहिलाच हात नव्हता, हेही मला माहीत होतं. उन्हाळ्यातही तू लांब बाह्यांचे ब्लाउज घालायचीस. तीस वर्षं नर्स होते मी. धारणीच्या दवाखान्यात होते तेव्हा ओठ फुटलेल्या बायका यायच्या, म्हणायच्या पाय घसरला. मी दार लावून घ्यायची आणि सांगायची, "बाई, खरं सांग, मी खरंच लिहीन." कितीजणींचं तसं लिहिलंही. पोलीस पाटलाशी भांडले होते त्यावरून. त्याच बाईने स्वतःच्या घरात भिंतीकडे तोंड केलं.

काहून केलं, ते मी शोधून पाहिलं. पोराची भीती वाटली असं म्हणावं, तर त्याने माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. मला वाटतं, म्हातारपणी गेम खेळताना सापडले याची लाज वाटली. एवढ्या लहान लाजेसाठी मी तुला पुढे केलं. नंतर गल्लीत, नातेवाइकांत, सगळीकडे मीच सांगत फिरले, की सून गेमपायी घर सोडून गेली. लोकांना ते लगेच पटायचं.

माफी मागत नाही. तेवढ्याने भागणार नाही. मुदत आठ डिसेंबरपर्यंत आहे. तोवर मला माझं काम करू दे.

दुर्गाबाई

अकोला,
१८ डिसेंबर

प्रिय माधवी,
सप्रेम जय भीम.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण चालते आहे. गेम याच पार्सलमध्ये आहे, बघ, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. तो तुझा आहे आणि तुझ्याकडेच असायला हवा. बर्फाच्या रानातले दोन बुरूज मी बांधून ठेवलेत, नको वाटले तर मोड.

आता झालेलं सांगते.

मी स्वप्निलला मुदत संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी सांगितलं. तो अंगणात बसून गाडी पुसत होता. वकिलाचा कागद घेऊन गेले आणि म्हटलं, "याच्यावर मी सही नाही करत."

"काहून?"

"खोटं हाय म्हणून. दूध मी ठेवलं व्हतं. गेम मी खेळत होती. तुया बायकोच्या हातात नव्हता तो, माह्या हातात होता."

तो हसला. त्याला वाटलं तुला वाचवायला मी काहीतरी रचते आहे. म्हणाला, "आई, तुले गेम खेळता येते का?" मी आत जाऊन गेम आणला, त्याच्यासमोर खुर्चीत बसले आणि खेळून दाखवला. झिपऱ्यांची एक आख्खी लाट परतवली. तो पोचारा हातात धरून बघत राहिला. गाडीवरून पाणी गळत होतं.

लाट संपली तशी तो म्हणाला, "मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं मले मारलं असतं का तू?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मंग तिले काहून मारलं? दूध कोनं जाळलं याच्यावर मारनं ठरते का?"

त्याने पोचारा बादलीत टाकला. मग म्हणाला, "तू माही आई हायेस का तिची?"

मी म्हटलं, "तुयीच हाव. म्हणून तं तुले सांगून राहिली. तिच्या आईनं तं थेट पोलिसात सांगतलं असतं."

उठून निघून गेला. दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी आला, भाजी स्वतः वाढून घेतली, ताट धुऊन ठेवलं. तेव्हापासून आम्ही एका घरात दोन भाडेकरू असल्यासारखे राहतो. वकिलांना त्याने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. ते पुन्हा आले नाहीत. परवा मात्र तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तिनं त्या दिवशी काहून नाई सांगतलं, की तू खेळत होती म्हणून?" मी म्हटलं, "ते तिलेच माहीत." ऐकून तो गेला. तो बदलला असं मी तुला लिहिणार नाही. मला माहीत नाही. आणि ते पाहण्यासाठी तू इथे राहावंस, असंही मला वाटत नाही.

मनकर्णाबाईंनाही सांगितलं. म्हणजे आता सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखंच. आधी त्यांचा विश्वास बसला नाही, मग म्हणाल्या, "असं असते का वं बाई, इतके दिवस आमाले उलटंच सांगत होती तू." दोन दिवस त्यांनी भाकर आणली नाही. तिसऱ्या दिवशी आणली, पण बसल्या नाहीत. चालायचंच.

सोबत माझ्या हाताने लिहिलेलं निवेदन आहे, चार पानी. दुधाचं, गेमचं, मी झोपल्याचं सोंग केलं त्याचं, त्याचा हात दोनदा उठला त्याचं. आणि त्याआधीच्या तीन वेळांचं, महिन्यासकट. ते मला आठवत होतं, बघ. नर्सला आठवतं. प्रत्येक पानावर सही केली आहे. तुझ्या वकीलबाईंना दे. कोर्टात ते कसं चालतं ते त्यांना समजेल. उभं राहून सांगावं लागलं तर तेही मी करीन.

तुझ्या अर्जाची तारीख आठ जानेवारी आहे, हे वकिलाच्या कागदावर वाचलं. मी सकाळच्या बसने मूर्तिजापूरवरून येते. स्वप्निलही येईल, त्याच्या गाडीने. त्याने विचारलं, सोबत चलते का. नाही म्हटलं.

तू माझ्याशी बोलायलाच पाहिजेस असं नाही. कोर्टाच्या बाहेर बाकं असतात. तू ज्या बाकावर बसशील त्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसेन. तेही नको असेल तर वकीलबाईंकडून निरोप दे, मी उभी राहीन. पुकारा झाला की मात्र आत येईन.

तुझी साक्षीदार,
दुर्गाबाई धर्मपाल तायडे