भिंतीवरची भूमिका

३ मार्च, सोमवार. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. पहाटे उठून आवाजाचा रियाज, मग दोरीच्या उड्या. आज उठायला उशीर झाला, कारण काल झोपताना संकल्पच फार झाले.
फोन आला. वेब सिरीज. नवऱ्याचा रोल. प्रेत नाही, पेशंट नाही, गर्दीतला माणूस नाही. चक्क नवरा, तोही संवादांसकट. नोकरी गेल्याचं बायकोपासून लपवणारा. एका सीनचा व्हिडिओ घरीच शूट करून पाठवायचाय. इतकी वर्षं मी नट आहे असं सांगतो आणि लोक विचारतात, कशात पाहिलंय तुम्हाला? हा रोल मिळाला की तो प्रश्न कायमचा मिटला. नाही मिळाला तर पुन्हा नट म्हणवून घ्यायला तोंड उरणार नाही. अर्थात मिळणारच आहे.

४ मार्च, मंगळवार.
मागे साधी भिंत ठेवा असं त्यांनी कळवलंय. ते नवशिक्यांसाठी. मी बेडरूममधल्या कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभा राहणार. समोरून चेहरा, आरशात पाठ, दोन्हींचा अभिनय एकदम. अभिनयाच्या वर्कशॉपमधल्या सरांना माझी पाठ दिसली की नेहमी बरं वाटायचं, तसं ते बोलूनही दाखवायचे.
सीनमधल्या बायकोची वाक्यं वाचायला कुजबुज्याला बोलावणार होतो. हा वर्कशॉपमधला मित्र. याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. मग म्हटलं, घरात बायको असताना कुजबुज्या कशाला.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी.
शूट उरकलं. बायको चष्म्याच्या दुकानातून दमून आली होती. फोनशेजारी उभं राहून नुसतं वाचायचं, अभिनय अजिबात करायचा नाही, असं तिला बजावलं. मशीनमध्ये कपडे पडलेत, लवकर आटप, म्हणाली. पहिल्या टेकला मी रडलो. दुसऱ्या टेकला जास्त रडलो. बायकोनं विचारलं, हा नोकरी गेल्याचं लपवतोय ना, मग दारातच रडतो कशाला? अभिनयातलं तिला काही कळत नाही. तिच्या प्रत्येक वाक्यानंतर मोठा पॉज घेतला. खरा नट पॉजमध्ये दिसतो. व्हिडिओ पाठवून दिला.
उद्यापासून साखर बंद. नोकरी गेलेला माणूस बारीक हवा.

९ मार्च, रविवार.
दिग्दर्शिकेचा स्वतःचा फोन. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला म्हणाली. वाक्यं वाचणाऱ्या बाई कोण, त्यांनाही बुधवारी घेऊन या, म्हणाली. माझा अभिनय घरच्या माणसासमोर खुलतो हे दिग्दर्शिकेनं बरोबर हेरलं. बायको रजा टाकायला तयार नव्हती. कलेसाठी माणसानं त्याग करावा, अशी तिची समजूत काढली. साखर उद्यापासून.

१२ मार्च, बुधवार.
दिग्दर्शिकेच्या ऑफिसात आधी आम्हा दोघांचा सीन झाला. मग बायकोला आतच ठेवून मला बाहेर सोफ्यावर बसवलं आणि माझ्या जागी आत गेला कुजबुज्या. आपल्यालाही बोलावलंय हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. (मीही त्याला सांगितलं नव्हतं, पण माझी गोष्ट वेगळी.) दार बंद. आतून काहीच ऐकू येईना, त्यावरून त्याचं वाईट चाललंय हे ओळखलं.  येताना बायकोला आत काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, नुसतं वाचलं.

१९ मार्च, बुधवार.
निकाल नाही. मोठ्या रोलला वेळ लागतो. रोज सकाळी दाढी करून, कपडे करून फोनजवळ बसतो. बायकोच्या दुकानात स्टॉक मोजायचं काम निघालंय, रोज उशिरा येते. काल आरशासमोर एकटीच पुटपुटत होती. कामाचा ताण. दुकानाच्या मालकाशी बोलायला हवं.

२४ मार्च, सोमवार. दुपारी.
बोललो. बाईमाणसाला किती राबवून घ्याल, म्हणून मालकांना चांगलं खडसावलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, वहिनींची कंबर कशी आहे? त्या तर रजेवर आहेत. मी म्हटलं, आता उतार आहे. एवढ्या धक्क्यातही सीन सांभाळला.

संध्याकाळी.
चहा गाळता गाळता तिनं सगळं सांगितलं. व्हिडिओत माझ्या पाठीमागे, आरशात, ती पूर्ण वेळ दिसत होती. दिग्दर्शिका पुन्हा पुन्हा बघत होती ती तिला. बाई ऐकतात किती छान, असं म्हणाली. ऐकतात, तेही माझ्या पॉजमध्ये. बायकोचा रोल तिला आणि नवऱ्याचा कुजबुज्याला. स्टॉक वगैरे काही नाही, तालमी चालल्या होत्या. मला सांगितलं का नाहीस विचारलं. म्हणाली, रोज ठरवत होते, पण तू असा नटून फोनजवळ बसलेला दिसलास की धीर व्हायचा नाही.
माझ्याच घरात, माझ्याच फोनवर माझा केसानं गळा कापला. फार लागलं. लपवण्याचा सीन मी रडून रडून केला आणि तिनं इतके दिवस डोळ्यांत टिपूस न आणता केला.
आजपासून अबोला.

२५ मार्च, मंगळवार.
अबोला कडक. मिठाचा डबा कुठे आहे तेवढं विचारावं लागलं. आईचा फोन आला. सूनबाई सिरीजमध्ये कधी दिसणार, म्हणून विचारत होती. म्हणजे आईलाही माहीत होतं. अख्खं घर फितूर.

२ एप्रिल, बुधवार.
दिग्दर्शिकेचा फोन. मला रोल. नायिकेचे वडील, घरातल्या प्रत्येक सीनमध्ये हजर. लगेच हो म्हटलं, मग विचारलं, वाक्यं किती. वडील वारलेत, भिंतीवर फोटो हवाय, म्हणाली. म्हणजे मी माझ्या बायकोचा कैलासवासी बाप. पण विचार केला, न हलता अभिनय करणं हीच खरी कसोटी. अबोला मागे घेतला. सहकलाकारांत तेढ नको.

५ एप्रिल, शनिवार.
केस पांढरे करून फोटो काढला. माया, काळजी आणि जावयाबद्दल संशय, तिन्ही भाव एकदम दिले. फोटोग्राफरनं विचारलं, काही दुखतंय का?

८ एप्रिल, मंगळवार.
सेटवर गेलो. सोफ्यामागे मी, मोठ्या फ्रेममध्ये. पहिलाच शॉट दिग्दर्शिकेनं मध्येच थांबवला. फोटोतला माणूस फार अभिनय करतोय, लक्ष तिकडेच जातं, म्हणाली. मला आधी ते कौतुकच वाटलं. मग तिनं फोटो उतरवायला सांगितला. मी बायकोकडे पाहिलं. तिनं एक शब्द टाकला असता तर ऐकलं असतं त्यांनी. ती रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, हो, आता बरं आहे, आता बोलता येईल. आणि बोलली. एका टेकमध्ये ओके. कुजबुज्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात फ्रेम होती, म्हणून मला वाजवता आल्या नाहीत.
टॅक्सीत फोटो मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि हळूच विचारलं, वडील का? हो म्हटलं. कधी गेले, म्हणाला. मी म्हटलं, आजच.
त्यानं रेडिओ बंद केला.